हाय की फोटो: उजळ करा, जाळू नका

मागच्या अंकात लो की, म्हणजे बहुतेक गडद टोन असलेल्या फोटोंवरचे प्रश्न घेतले होते आणि म्हटलं होतं की आता उलट्या बाजूचे, म्हणजे हाय कीचे, जवळजवळ सगळे टोन उजळ असलेल्या फोटोंचे प्रश्न पाठवा. भरपूर आले. बरेच एकसारखे होते म्हणून एकत्र केलेत, आणि काहींची उत्तरं लांबलीत कारण तिथं खरंच सांगण्यासारखं खूप आहे.

प्रश्न: ताई, हाय की करायचा म्हणून एक्सपोजर वाढवत गेलो, दोन स्टॉप वर नेलं. फोटो पांढरा झाला पण चेहरा सपाट, नाक तर गायबच. मित्र म्हणतो हा हाय की नाही, नुसता ओव्हर झालाय. मग फरक नेमका काय?
— नवा कॅमेरा घेतलेला वाचक

मित्राचं बरोबर आहे. फोटो तुम्ही सोबत पाठवलाय म्हणून नीट सांगता येईल. तुमच्या फोटोत उजवा गाल पूर्ण पांढरा आहे आणि डाव्या गालावर नाकाची सावली अजून तशीच काळपट आहे, दिसतंय ना? एक्सपोजर, म्हणजे फोटोला मिळणारा उजेड, वाढवलं की सगळंच एकदम वर जातं, उजेडाची बाजू पण आणि सावलीची पण. त्यामुळं दोन्हीतला फरक तेवढाच राहतो. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा; सावली उजेडापेक्षा तीन स्टॉप खाली असेल तर दोन स्टॉप वाढवल्यावरही ती तीन स्टॉप खालीच असणार, फक्त उजेडाची बाजू तोवर जळून गेलेली असते.

हाय कीमध्ये आधी तो फरकच कमी करायचा. चेहऱ्यावर एका बाजूनं मुख्य लाइट येतो त्याला की लाइट म्हणतात आणि सावली भरायला जो देतो तो फिल लाइट. उजेडाची बाजू सावलीच्या दुप्पट असेल तर २:१, म्हणजे एक स्टॉपचा फरक, आणि ८:१ म्हणजे तीन स्टॉप, तो लो कीचा प्रदेश झाला. हाय कीसाठी २:१ किंवा त्याहून कमी ठेवा. एकदा सावल्या भरल्या की मग एक्सपोजर थोडं वर न्यायला हरकत नाही, कारण आता सगळे टोन जवळजवळ आहेत आणि सगळे मिळून उजळ बाजूला सरकतात, कुणी एकटं पुढं जाऊन जळत नाही.

टोन असणं महत्त्वाचं आहे. चांगल्या हाय की फोटोत कपाळापासून गालापर्यंत, गालापासून हनुवटीपर्यंत हलके हलके बदल दिसतात, अगदी फिके पण दिसतात. जेपेगमध्ये लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनेलला ० ते २५५ अशा किमती असतात, तिन्ही २५५ ला टेकले की तिथं काहीच उरलेलं नसतं, ना त्वचेचा पोत ना रंग. बॅकग्राऊंड तसं झालं तर चालतं, बऱ्याचदा तेच हवं असतं. चेहरा तसा झाला तर फोटो गेला.

कॅमेऱ्यात हिस्टोग्राम लावा, म्हणजे फोटोत कुठला टोन किती आहे ते दाखवणारा आलेख, डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं. हाय कीचा हिस्टोग्राम उजवीकडे गोळा झालेला असतो, मधे उतार, आणि डावीकडे अगदी बारीक रेघ उरलेली असते. ती बारीक रेघ म्हणजे डोळ्यांची बुबुळं, पापण्या, केस. ती घालवू नका! तेवढा काळा असला की बाकीचं पांढरं खरं पांढरं वाटतं, तो नसला की सगळा फोटो धुक्यात ठेवल्यासारखा मळकट दिसतो आणि लोकांना वाटतं लाइट कमी पडला. सोबत हायलाइट वॉर्निंग पण चालू ठेवा, जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो. बॅकग्राऊंड लुकलुकू दे, नाक आणि कपाळ लुकलुकलं तर खाली या.

प्रश्न: माझ्याकडे स्टुडिओ नाही, फ्लॅश नाही, एक मोठी खिडकी आहे. लहान बाळाचे हाय की फोटो काढायचेत. जमेल का?
— बाळाची मावशी

जमेल, आणि छान जमेल. बाळासाठी तर मी खिडकीच निवडेन, फ्लॅश असता तरी.

खिडकीतून थेट ऊन आत येत नसेल अशी वेळ धरा. येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा, म्हणजे पूर्ण खिडकीच मोठा मऊ लाइट होईल. आता दोन मांडण्या करता येतील. एक म्हणजे बाळ खिडकीच्या बाजूला, गादीवर पांढरी चादर, आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल किंवा फोमबोर्ड उभा. बोर्ड जवळ आणत जा आणि सावलीकडच्या गालाकडं बघत राहा, फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत आणलात की तो गाल उजळून येताना डोळ्यांना दिसतो. चंदेरी रिफ्लेक्टर नको, त्याचा कडक पट्टा चेहऱ्यावर पडतो, पांढराच बरा.

दुसरी मांडणी मला जास्त आवडते. खिडकी बाळाच्या पाठीमागं, पडद्यासकट, ती आपोआप पांढरी बॅकग्राऊंड होते. आई बाळाला धरून बसली आणि तुम्ही समोरून काढताय, तर तुमच्या दोन्ही बाजूंना एकेक पांढरा बोर्ड लावा, मधल्या फटीतून कॅमेरा. खिडकीतून आलेला उजेड बोर्डांवर आपटून चेहऱ्यावर परत जातो. मीटरिंग (कॅमेऱ्याचं उजेड मोजणं) स्पॉटवर टाका, म्हणजे तो फ्रेमचा छोटासाच भाग मोजेल, आणि चेहऱ्यावर मोजा, खिडकीवर अजिबात नाही. खिडकीवर मोजलंत तर बाळ काळं ठिक्कर येईल. लेन्सवर हूड लावा आणि पुढची काच स्वच्छ पुसा, एवढा उजेड समोरून येतो तेव्हा बोटाचा एक डागसुद्धा अख्ख्या फोटोवर पांढरट पडदा टाकतो.

एक गोष्ट हमखास राहून जाते ती म्हणजे खोलीतले दिवे बंद करायचे. पिवळा बल्ब आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र आले की चादर एका बाजूनं पिवळी आणि दुसऱ्या बाजूनं निळी येते, एरवी खपून जातं पण हाय कीमध्ये सगळीकडे पांढरंच असल्यामुळं जराशी झाकही डोळ्यात खुपते. भिंतीचा रंगही तसाच. हिरव्या भिंतीवरून परतलेला उजेड गालावर हिरवाच येणार, तिथं पांढरी चादर टांगा. शटर १/२०० सेकंदापेक्षा हळू होऊ देऊ नका, बाळ स्थिर बसत नाही. उजेड कमी पडला तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) वाढवा, अंधुक काढून नंतर उजळ करण्यापेक्षा आधीच वाढवलेला आयएसओ केव्हाही चांगला.

प्रश्न: माझ्या बहिणीचा रंग सावळा आहे. एका स्टुडिओत तिचा हाय की फोटो काढून घेतला तर त्यांनी चेहरा इतका गोरा करून दिला की ती ओळखू येईना. तिला वाईट वाटलं. हाय की फक्त गोऱ्या लोकांचाच होतो का?
— एक भाऊ

नाही, नाही आणि नाही. तुमच्या बहिणीला माझ्याकडून सांगा की चूक तिच्या रंगाची नव्हती, काढणाऱ्यानं सोपा रस्ता धरला.

हाय की हे पूर्ण फ्रेमचं गणित आहे, त्वचेचं नाही. बॅकग्राऊंड उजळ, कपडे फिके, सावल्या भरलेल्या, एवढं झालं की फोटो हाय की झाला, चेहरा आपल्या रंगावरच राहतो. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन फोटोग्राफरांनी १९४० च्या सुमारास झोन सिस्टिम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत टोनचे टप्पे, बसवली, त्यात ० म्हणजे पूर्ण काळा, १० म्हणजे कागदाचा पांढरा आणि ५ म्हणजे मधला राखाडी. त्यात गोरी त्वचा साधारण ६ वर धरतात आणि सावळी ५ च्या आसपास. सावळा चेहरा उचलून ७-८ वर नेला की तो माणूसच बदलला. मला हा प्रकार मनापासून खटकतो, म्हणून जरा जास्त लिहितेय.

उलट सावळ्या चेहऱ्याचा हाय की फोटो मला जास्त ताकदीचा वाटतो, कारण उजळ फ्रेममध्ये नजर जायला एक ठाम जागा मिळते. काढायचा कसा, तर बॅकग्राऊंडचा लाइट वेगळा ठेवा म्हणजे तिथला पांढरा मिळवायला चेहऱ्याचं एक्सपोजर ओढावं लागणार नाही. चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग, कॉम्पेन्सेशन (मीटरच्या एक्सपोजरमध्ये आपण करतो तो कमीजास्त बदल) शून्यावर. रंग आणखी गडद असेल तर अर्धा ते एक स्टॉप खाली. मीटर जे बघतो त्याला मधल्या राखाडीवर आणायचा प्रयत्न करतो, म्हणून गडद त्वचेला तो हमखास जास्त उजळ करतो, हे लक्षात ठेवा. आणि लाइट मोठा घ्या, जवळ घ्या. गडद त्वचेवर चेहऱ्याचा उंचसखलपणा सावलीपेक्षा चमकेतून जास्त कळतो, मोठ्या सॉफ्टबॉक्सची (फ्लॅशपुढं पांढरं कापड असलेल्या पेटीची) चमक गालावर पसरट आणि मऊ येते, छोट्या फ्लॅशची ठिपक्यासारखी येते.

एडिटिंगमध्ये ऑरेंजचा ल्युमिनन्स (उजळपणाचा) स्लायडर वर ओढायची सवय खूप जणांना आहे, त्वचा झटक्यात गोरी होते म्हणून. तो ओढू नका. काही उजळ करायचंच असेल तर मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, बॅकग्राऊंड आणि कपडे करा.

प्रश्न: बर्फातले आणि धुक्यातले फोटो ऑटोवर काढले तर सगळं राखाडी येतं. डोळ्यांना तर पांढरं दिसत होतं.
— डोंगर चढणारी

वरच्या उत्तरातलंच कारण, फक्त उलट दिशेनं. मीटरला बर्फ कळत नाही, त्याला फक्त खूप उजेड कळतो आणि तो खाली ओढून मधल्या राखाडीवर आणतो. कॉम्पेन्सेशन +१ ला ठेवून एक काढा, हिस्टोग्राम बघा, मग +१.५, लागलं तर +२. उन्हातल्या बर्फात +२ ला चकाकणारे कण जळतील, तेवढे जळू देत, पण बर्फाचे उंचवटे आणि पावलांचे ठसे जायला नकोत.

धुकं म्हणजे निसर्गानं आयता दिलेला हाय की, सगळीकडून सारखा लाइट आणि सावलीच नाही. तिथं फक्त एक गडद गोष्ट शोधा, एखादं झाड, कुंपणाचा खांब. मायकेल केन्ना यांचे जपानमधल्या होक्काइदोच्या बर्फातले फोटो मिळाले तर जरूर बघा, कोऱ्या पांढऱ्यात दोनचार काळ्या रेघा आणि तरी बघत राहावंसं वाटतं.

प्रश्न: आम्ही दोघं भाड्यानं स्टुडिओ घेऊन शिकतोय. पांढरा कागद मागे, त्यावर दोन फ्लॅश, समोर एक सॉफ्टबॉक्स. बॅकग्राऊंड मस्त पांढरी येते पण केसांच्या कडा खाल्ल्या जातात आणि फोटो धुरकट दिसतो. लेन्स खराब आहे का?
— दोघे मित्र

लेन्स ठीक असणार. बॅकग्राऊंडचा लाइट जास्त झालाय आणि माणूस कागदाच्या फार जवळ उभा आहे, बहुतेक दोन्ही.

माणसाला कागदापासून किमान २ ते २.५ मीटर पुढं आणा. लाइट मीटरवर एफचा आकडा मोठा म्हणजे तिथं उजेड जास्त; माणसावर एफ ८ मोजताय तर कागदावर एफ ११ किंवा त्याहून किंचित जास्त, म्हणजे एक ते दीड स्टॉप वर, बस. याच्या वर गेलात की कागद स्वतःच एक प्रचंड लाइट बनतो आणि मागून येऊन केसांच्या, खांद्याच्या कडा गिळतो, लेन्समध्ये पण शिरतो आणि काळे टोन राखाडी करतो, तोच तुमचा धूर. मागच्या दोन्ही फ्लॅशच्या आणि माणसाच्या मधे काळे बोर्ड उभे करा म्हणजे थेट लाइट माणसावर आणि लेन्सवर येणार नाही. फ्रेमबाहेर उरलेला पांढरा कागद पण काळ्या कापडानं झाका.

मीटर नसेल तर असं करा. समोरचा सॉफ्टबॉक्स बंद, फक्त मागचे दोन फ्लॅश चालू, माणूस जागेवर. फोटोत माणूस काळी सावली यायला हवा, कडा स्वच्छ कापल्यासारख्या, आणि बॅकग्राऊंड पूर्णपणे लुकलुकायला हवी. एखादा कोपरा लुकलुकत नसेल तर त्या बाजूचा फ्लॅश जरा फिरवा. केसांच्या कडा पुसट झाल्या असतील तर मागची पॉवर उतरवा, कडा परत येईपर्यंत. मग त्याला हात न लावता समोरचा सॉफ्टबॉक्स चालू करून चेहरा बसवा, हनुवटीखाली पांढरा बोर्ड धरा. या क्रमानं गेलात तर गोंधळ होत नाही, सगळे लाइट एकदम लावून जुळवायला बसलात तर कुठला लाइट काय करतोय तेच कळत नाही.

आणि मागं पांढरा कागद आहे म्हणून फोटो हाय की झाला असं समजू नका. रिचर्ड अॅव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या कामगारांची पोर्ट्रेट्स पांढऱ्या कागदासमोर, सावलीत उभं करून काढली. मागं लख्ख पांढरं, पण कपडे, चेहऱ्यावरच्या रेषा, मळ सगळं गडद आणि ठसठशीत. ते फोटो अप्रतिम आहेत, हाय की नाहीत.

प्रश्न: मोबाइलवर होतो का?
— घाईतला विद्यार्थी

होतो रे. चेहऱ्यावर बोट दाबून धर म्हणजे फोकस आणि एक्सपोजर लॉक होईल, मग बोट वर सरकवून उजेड वाढव. अडचण एचडीआरची (उजेड आणि सावली आपोआप सारखी करणाऱ्या सोयीची) येते, तो जिथं पांढरं दिसेल तिथं खाली ओढून राखाडी करतो आणि तू केलेली मेहनत पुसून टाकतो. बंद करता येत असेल तर बंद कर, नसेल तर प्रो मोडमध्ये किंवा रॉ (सेन्सरची प्रक्रिया न केलेली फाइल) देणाऱ्या अॅपमध्ये काढ. पोर्ट्रेट मोड टाळ, पांढऱ्यासमोर केसांच्या कडा तो फार वाईट कापतो. बाकी खिडकी आणि पांढरा बोर्ड वर सांगितलाय तसाच, तुझ्या मोबाइलला पण तोच लागतो.

प्रश्न: काचेचा पेला पांढऱ्यावर काढला की दिसतच नाही.
— वस्तूंचे फोटो काढणारी

पुढून लाइट टाकताय म्हणून. काचेला पुढून उजेड देऊन काही मिळत नाही, नुसती प्रतिबिंबं मिळतात. पेल्याच्या मागं सॉफ्टबॉक्स लावा किंवा पांढरं कापड ताणून त्याच्या मागून लाइट द्या, आणि तो उजळ भाग फक्त फ्रेमएवढाच ठेवा. फ्रेमच्या बाहेर अगदी लगत दोन्ही बाजूंना काळे कार्ड उभे करा. पेल्याच्या गोल कडांमधून प्रकाश वळून येतो, त्यामुळं त्या कडांना मागचं पांढरं न दिसता बाजूचं काळं दिसतं आणि पेल्याला बारीक काळी रेघ मिळते. कार्ड आत-बाहेर सरकवून रेघ जाड-बारीक करता येते, बघायला फार मजा येते. पूर्ण फोटो पांढरा, पुढून एकही लाइट नाही, आणि पेला पेन्सिलनं काढल्यासारखा. बोटांचे ठसे मात्र कापडानं पुसून घ्या, नंतर एडिटिंगमध्ये काढत बसणं वेळखाऊ आहे. एफ १६ वगैरेला काढत असाल तर सेन्सरवरची धूळ पण पांढऱ्यावर ठिपके होऊन दिसते, तीही तपासा.

प्रश्न: साधा काढलेला फोटो नंतर एडिटिंगमध्ये हाय की करता येतो का?
— रात्री एडिटिंग करणारा

लाइट मऊ असेल तर येतो. ढगाळ दिवस, सावलीतली जागा, खिडकी, असे फोटो छान वळतात. दुपारच्या कडक उन्हातला, डोळ्यांखाली काळे खड्डे पडलेला फोटो नाही वळत, कितीही ओढा.

एक्सपोजरचा स्लायडर शेवटी वापरा. आधी शॅडोज वर, मग कर्व्हचा मधला भाग थोडा उचला, मग व्हाइट्स. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट दाबून व्हाइट्स सरकवलं की स्क्रीन काळी होते आणि जळणारी जागा तेवढी दिसते, चेहऱ्यावर पहिला ठिपका उमटला की मागं या. मग ब्लॅक्स किंचित खाली, पापण्या परत काळ्या होईपर्यंत. सावल्या खूप उचलल्या की नॉइज (दाणेदार ठिपके) वर येतो, म्हणून हाय की डोक्यात असेल तर काढतानाच उजळ काढलेला चांगला. रॉमध्ये जळलेलं थोडं परत मिळतं हे खरं, पण तिन्ही चॅनेल गेले असतील तर रॉ पण काही देत नाही.

प्रश्न: स्क्रीनवर सुंदर दिसणारा हाय की फोटो प्रिंटमध्ये मळका येतो, आणि फोटोची कड कुठं संपते तेच कळत नाही.
— भिंतीवर लावायला प्रिंट काढणारे काका

काका, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मळका येतो कारण स्क्रीन स्वतः उजेड देते आणि कागद नुसता परतवतो. तुमचा मॉनिटर बहुतेक खूप ब्राइट ठेवलेला आहे, तो ८० ते १२० निट्सच्या (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) मधे आणून त्यावर फोटो परत बघा, म्हणजे प्रिंट कशी येणार त्याचा बराच अंदाज येतो.

कड हरवते कारण २५५ असलेल्या जागी प्रिंटर शाईच टाकत नाही, तिथं कोरा कागदच राहतो आणि तो भोवतीच्या मार्जिनमध्ये मिसळून जातो. ग्लॉसी कागदावर इंकजेटनं काढली असेल तर तिरकं धरून बघा, शाई नसलेल्या जागेची चमक वेगळी दिसेल. म्हणून प्रिंटसाठी वेगळी फाइल करा आणि बॅकग्राऊंड २४८-२५० ला आणून ठेवा, डोळ्यांना पांढरंच वाटतं पण शाईचा अगदी पातळ थर पडतो आणि कड कळते. नाहीतर फिक्या राखाडीची केसाएवढी बॉर्डर द्या. कागद निवडताना कोरा कागद फोटोशेजारी धरून बघा, कागदाचा पांढरा हाच तुमच्या फोटोतला सगळ्यात उजळ टोन असणार आहे, पिवळसर कागद घेतलात तर चेहराही पिवळसर झुकणार. मोठी प्रिंट काढायच्या आधी चेहरा आणि बॅकग्राऊंड दोन्ही येतील अशी एक छोटी पट्टी त्याच कागदावर काढून घ्या, आणि ती ज्या भिंतीवर लावायचीय तिथल्याच उजेडात बघा.